ओट्सची कुकी पसरून पापड होते? कणीक वाढवण्याआधी हे तपासा

मार्च लागला की ही तक्रार सुरू होते आणि पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. ट्रेवर गोळे नीट अंतर ठेवून मांडले, ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) सरकवले, आणि पाच-सहा मिनिटांत सगळे पसरून एकमेकांना जाऊन मिळाले. कडा जाळीदार आणि तेलकट, मधे गिळगिळीत, किसमिस उघडी पडून काळी. पार पापड. आणि तक्रार करणारी प्रत्येक जण एक गोष्ट आवर्जून सांगते, की दिवाळीत याच मापाने केल्या होत्या, तेव्हा एकदम बरोबर झाल्या.

म्हणजे मापात खोट नाही. तरी पहिला उपाय सगळीकडे एकच सांगतात, कणीक वाढवा. आमच्या बचत गटातही कोणी ना कोणी विचारतेच, "काकू, अजून मूठभर कणीक टाकू काय?" टाकू नका. कणीक वाढवली की कुकी पसरायची थांबते हे खरं, पण ती कोरडी होते, घशात अडकते, ओट्सची चव मरते. शिवाय थंडी पडली की त्या वाढीव मापाचा गोळा ट्रेवर ठेवला तसाच्या तसा भाजून निघतो. मग तूप वाढवायचं. मग पुन्हा उन्हाळा येतो.

दोष बहुतेक वेळा दोन ठिकाणी असतो. ओव्हनमध्ये जाताना गोळा किती गरम आहे, आणि ओव्हन आतून खरोखर किती गरम आहे. या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय मापाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी माप देऊन ठेवते, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते कळेल. साधे रोल्ड ओट्स १३० ग्रॅम, कणीक किंवा मैदा १०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, गुळाची पावडर ७५ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, एक अंडं, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव चमचा, दालचिनी चवीपुरती आणि सुका मेवा ८० ग्रॅम. तीस-तीस ग्रॅमचे एकोणीस-वीस गोळे होतात. १७५ अंश सेल्सियसवर अकरा ते तेरा मिनिटं. हे सगळं काट्यावर मोजायचं. परदेशी रेसिपीतला कप २४० मिलिलिटरचा असतो, आपल्या घरातली वाटी दीडशेचीही असते आणि दोनशेचीही. वाटीने मोजून कुकी बिघडली तर कारण शोधताच येत नाही. अंडं गावठी कोंबडीचं असेल तर तेही वजन करून घ्या. फोडल्यावर पन्नास ग्रॅमच्या आसपास हवं, कमी भरलं तर तेवढं दूध.

आता गोळ्याकडे येऊ.

लोणी ३२ ते ३५ अंशांवर वितळतं. रेसिपीत लिहिलेलं असतं की लोणी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची खोली असते वीस-बावीस अंशांची. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असताना आपल्याकडे बाहेर पंचेचाळीस, आणि टिनाखालच्या स्वयंपाकघरात दुपारी तीनला अडतीस-चाळीस. तिथे लोणी खोलीच्या तापमानाला आणलं की त्याचं तेल होतं. लोणी मऊ पण घट्ट असेल तरच साखरेबरोबर फेटताना त्यात हवा धरून ठेवली जाते. तेलात साखर फेटून काही होत नाही, ती फक्त तळाशी बसते.

ओव्हनमध्ये काय होतं ते एकदा काचेतून बघा, दिवा लावून. थंड गोळा पहिली तीन-चार मिनिटं जवळजवळ हलत नाही. मग खालच्या कडेने हळूच बसायला लागतो, आणि तोवर कडेचं अंडं आणि पीठ शिजून धरलं गेलेलं असतं, म्हणून तो एका मर्यादेपलीकडे जात नाही. गरम गोळ्याचं तसं नाही. दुसऱ्याच मिनिटाला त्याच्या बुडाशी चकचकीत ओल दिसते. ते सुटलेलं लोणी. त्याच्या मागोमाग विरघळलेली साखर, आणि दोन्ही मिळून ओट्सना बाहेर ओढत नेतात. पीठ शिजायच्या आत गोळा आडवा झालेला असतो.

ओळखायची सोपी खूण: कालवलेल्या पिठात बोट दाबा. खड्डा तसाच राहिला आणि बोट कोरडं आलं तर ठीक. बोट चमकत असेल आणि खड्डा आपोआप भरत असेल तर ते पीठ ट्रेवर टाकण्यात अर्थ नाही.

उपाय म्हणजे उन्हाळ्यात पीठ पहाटे कालवायचं आणि लगेच गोळे करून फ्रीजमध्ये ठेवायचे. आधी गोळे, मग फ्रीज, हा क्रम महत्त्वाचा. अख्खा गंजच (पातेलंच) फ्रीजमध्ये ठेवला तर वरचा थर गार होतो आणि मधलं पीठ तासाभरानेही कोमटच राहतं. गोळे ताटलीत सुटे ठेवले तर तास-सव्वा तास पुरतो. याचा दुसरा फायदाही होतो. ओट्स पाणी हळूहळू पितात, कणकेतला कोंडाही तसाच. तासाभरात पिठातलं सुटं पाणी त्यांच्यात जातं आणि गोळा आपोआप घट्ट होतो. म्हणूनच म्हणते, कालवल्या कालवल्या पीठ सैल वाटलं म्हणून घाईने कणीक टाकू नये.

लाइन, म्हणजे वीज, नसेल तर? एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ओलं फडकं बरंच काम करतं. गोळ्यांचा डबा झाकण घट्ट लावून पसरट गंजात थोड्या पाण्यात ठेवा, वरून ओलं सुती कापड टाका, त्याची टोकं पाण्यात बुडू द्या आणि सगळं वाऱ्याच्या झोतात ठेवा. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने हाही गार होतो. पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत पीठ उतरलं तरी लोण्याच्या वितळण्याच्या खाली आपण पोचलो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की मात्र या युक्तीवर विसंबू नका, तेव्हा फडक्याचं पाणी उडतच नाही.

ट्रेही थंड हवा. पहिला घाणा बरोबर आणि दुसरा पसरलेला, असं होत असेल तर आणखी काही शोधायची गरज नाही. गरम ट्रेवर गोळा ठेवला की ओव्हनमध्ये जाण्याआधीच त्याचं बूड वितळायला लागतं. एकच ट्रे असेल तर त्याच्या पाठीवर पाणी ओतून, पुसून, मगच दुसरा घाणा लावा. आणि ट्रेला तूप लावायची सवय सोडा. त्या तुपावरून गोळा घसरत बाहेर जातो. बटर पेपर पुरे.

लोण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे बऱ्याच घरी ते घरचंच असतं. विकतच्या बटरमध्ये साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. घरच्या लोण्यात किती ताक राहिलंय याचा नेम नाही. पाण्यात ठेवलेला लोण्याचा गोळा उचलून थेट मापात घेतला तर त्याच्यासोबत चांगलं दोन-तीन चमचे पाणी येतं, आणि तेवढं पाणी वीस कुकीज पसरवायला पुरेसं आहे. गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, तळहाताने दाबून, पाणी निथळेनासं होईपर्यंत मळून घ्या. मगच वजन करा.

सगळ्यात निर्धोक म्हणजे कढवून तूप करणं. तुपात पाणी नसल्यामुळे १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध घ्यायचं. तूप मात्र थिजलेलं, रवाळ हवं. म्हशीचं तूप गाईच्या तुपापेक्षा जरा उशिरा वितळतं, म्हणून उन्हाळ्यात तेच बरं. तुपाची कुकी थोडी नानकटाईच्या वळणावर जाते, हे खरं. मला ती आवडते, माझ्या घरात सगळ्यांना नाही.

मग वनस्पती तूप का नको, असं विचारलं जातं, कारण तालुक्याच्या बेकरीतली नानकटाई मे महिन्यातही टणक असते. वनस्पतीला आपल्याकडच्या नियमानुसार ४१ अंशांपर्यंतचा वितळणांक चालतो, त्याचा हा परिणाम. तेलातल्या आणि वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे पूर्वीइतकं ते वाईट राहिलेलं नाही. पण ओट्सच्या कुकीत त्याचा टाळूला चिकटणारा थर लगेच कळतो. घरी खायला कशाला करायचं?

आता ओव्हन. इथे खेड्यातला प्रश्न शहरापेक्षा अगदी वेगळा आहे आणि तो कुठल्याही रेसिपीत लिहिलेला नसतो.

ओटीजीच्या आत साधी तापणारी कॉइल असते. तिची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटते. २३० व्होल्टवर १५०० वॉट देणारा ओटीजी १८० व्होल्टवर जेमतेम ९२० वॉट देतो. व्होल्टेज पाचवा हिस्सा कमी झालं, उष्णता मात्र दोन पंचमांश गेली. वावरातले पंप सुरू झाले की डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो आणि गावात दिवे पिवळे पडतात, तेव्हा नेमकं हेच होत असतं. बटण १७५ वर, लाल दिवा लागलेला, पण आतलं तापमान दीडशेपर्यंत रखडत चढतं आणि दार उघडून ट्रे ठेवला की सव्वाशेवर येतं. त्या मंद आचेवर लोणी वितळायला भरपूर वेळ मिळतो, पीठ शिजायला मात्र उष्णता मिळत नाही. कुकी पसरते, फिकटच राहते, आणि वीस मिनिटं ठेवली तर वाळून कडक होते.

तापमापी ओव्हनच्या आत ठेवायचा मिळतो, महाग नाही, घेऊन टाका. नसेल तर साखरेची परीक्षा आहे. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. अॅल्युमिनियमच्या फॉइलवर अर्धा चमचा साखर पसरून, ओव्हन १७५ वर नीट तापवून, पंधरा मिनिटं आत ठेवा. दाणे तसेच राहायला हवेत. मग बटण १९० वर न्या आणि पुन्हा पंधरा मिनिटं थांबा. आता ती वितळायला हवी. पहिल्या वेळीच वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतोय. दुसऱ्या वेळीही कोरडीच राहिली तर कमी तापतोय. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला दोन्ही वेळा करून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल.

कमी व्होल्टेजवर फ्रीजचा स्टॅबिलायझर ओटीजीला जोडू नका, तो एवढा भार घेण्यासाठी केलेला नसतो. ओटीजीला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच. त्यापेक्षा वेळ बदला. गावात पंपांना लाइन कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री येते हे सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या उलट वेळ भट्टीला द्यायची. ओव्हन अर्धा तास आधी लावा, आत एखादा जाड लोखंडी तवा ठेवा, म्हणजे दार उघडल्यावर उष्णता एकदम पडत नाही. तवा सगळ्यात खालच्या जाळीवर, ट्रे मधल्या.

याच्या उलट एक गोंधळ आहे, तो अधूनमधून भेटतोच. फोनवर पाहिलेल्या रेसिपीत ३५० लिहिलेलं असतं. ते फॅरेनहाइट आहे, म्हणजे आपले साधारण १७५. ओटीजीचं बटण बहुधा २५० पर्यंतच जातं, म्हणून लोक ते शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. मग बूड सहा मिनिटांत काळं आणि पोट कच्चं. अशा वेळी कुकी पसरली असेलच असं नाही, पण वास सगळ्या गल्लीत जातो.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्या जाड कढईत किंवा मोठ्या गंजात मीठ नाहीतर वाळू घालून भाजतात. चालतं, फक्त तिथे आच खालूनच येते. वरचा भाग शिजेपर्यंत बूड जळतं, आणि न जळावं म्हणून आच कमी केली की गोळा बसतो. गोवऱ्यांत रोडगे भाजताना वरखालून निखारे असतात, ती पद्धत इथेही लावा. चुलीवर करत असाल तर कढईला सपाट लोखंडी झाकण घालून त्यावर निखारे पसरा. गॅसवर करत असाल तर दुसऱ्या शेगडीवर तवा लालबुंद तापवून तो कढईवर पालथा घाला आणि मधून एकदा बदला. ताटली स्टँडवर ठेवा, एकाखाली एक अशा दोन. गोळेही लहान करा, वीस ग्रॅमचे.

सोड्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. अर्ध्या चमच्याच्या जागी एक झाला की कुकी जास्त पसरते, लवकर काळपट होते आणि जिभेवर साबणाची चव येते. चमचा सपाट भरायचा. गूळ किंचित आंबट असतो, सोड्याला काम करायला तेवढं पुरतं. गूळ चिकट, ओला असेल तर किसून उन्हात वाळवून, मग दळून घ्या, कारण ओल्या गुळातलं पाणीही शेवटी पिठातच येतं.

ओट्सच्या बाबतीत गावच्या दुकानात मसाला घातलेल्या पाकिटांशिवाय काही मिळत नसेल, तर त्या दिवशी कुकी करू नका एवढंच सांगते. झटपट शिजणारे बारीक ओट्स चालतात, पण ते लवकर पीठ होतात आणि कुकीला दाताखाली काही राहत नाही. पाकीट उघडून वास घ्या. कुबट किंवा कडसर वास आला, नाहीतर कोपऱ्यात जाळी दिसली, तर ते गाई-म्हशींना.

सुक्या मेव्याच्या दोन तक्रारी असतात, दगडासारखी किसमिस आणि जळलेली किसमिस. कडक किसमिस पिठातलं पाणी ओढत बसते आणि तरी कडकच राहते, म्हणून आधी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा. नंतर चाळणीत निथळून कापडावर कोरडी करा, ही पायरी कोणी करत नाही आणि मग भिजवलेलं पाणी पिठात जाऊन गोळा पुन्हा सैल होतो. पाण्याऐवजी संत्र्याचा रस घेतला तर फारच छान, आंबिया बहाराची फळं घरात असतात तेव्हा मी तोच घेते. जळण्याचा उपाय त्याहून सोपा. गोळा वळल्यावर वर आलेला प्रत्येक दाणा बोटाने आत ढकला. खजूर, अंजीर बारीक कापून त्यावर चमचाभर कणीक भुरभुरा, म्हणजे एका जागी गठ्ठा होत नाही. टुटीफ्रुटीला पाकाचा थर असतो, ती घातली तर साखर दहा-पंधरा ग्रॅम कमी करा. चारोळी भाजून घातली तर वेगळीच खुमारी येते, पण भाव बघून.

मेळघाट, गडचिरोलीकडच्या बायका वाळवलेला मोह घालून बघतात. किसमिशीच्या जागी तो छान जमतो, फक्त तिच्या निम्म्या मापात, कारण वास दांडगा असतो. फुलांच्या आतले केसर काढा, दोन-तीन पाण्यांनी माती जाईपर्यंत धुवा, पाच-सात मिनिटं वाफवा आणि पसरून पूर्ण कोरडा करा. मोहात साखर भरपूर असते, त्यामुळे ट्रेला टेकलेलं फूल लगेच जळतं. तो गोळ्याच्या मध्यावर भरायचा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. चिकट होते आणि गोळा धरून ठेवते. ती कुकी अंड्याच्या कुकीपेक्षा कमीच पसरते, म्हणून गोळे हाताने थोडे चपटे करून ठेवावे लागतात.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तक्रार उलटी होते. गोळा हलतच नाही, बाहेरून भाजतो, आत पीठ राहतं. तेव्हा फ्रीजचं नावही काढू नका. लोणी आदल्या रात्री बाहेर काढा, पीठ कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा, आणि ट्रेवर ठेवल्यावर वाटीच्या बुडाने प्रत्येक गोळा बोटभर जाडीचा दाबून घ्या.

पावसाळ्यात कुकी बरोबर होते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. गूळ, साखर, किसमिस तिन्ही हवेतलं पाणी ओढतात, त्यात भाजण्याचा दोष नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि रोज उघडायचा डबा वेगळा करा. मऊ पडलेल्या कुकीज १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवून जाळीवर गार केल्या की पुन्हा खुसखुशीत होतात. बाहेर काढल्याबरोबर बोट लावून बघू नका, गरम असताना त्या मऊच लागतात.